ओ दिली नाही तर दार ढकल

…नाही नाही, ते गोडाधोडाचं राहू दे. मंडळाच्या दिवाळी अंकात चकलीची कृती देणाऱ्या बायका काही कमी नाहीत. तू आधी मोरीचं लिही. मोरी गं! अशी काय बघतेस? बाथरूम. आणि झरोका लिही. झरोकाही नाही माहीत? अगं, रोशनदान! हां, बघ, हिंदी सांगितलं की लगेच "अच्छा". दिल्लीत वाढलेली पोरं तुम्ही, तुमची अर्धी मराठी हवेनंच खाल्ली.

लिहितेस ना? मी बोलते तसंच लिही हं नीला, शाळेतलं करू नकोस. मला शाळा नाही, हे वाचणाऱ्याला कळलं तरी चालेल.

मला हौसाबाईंचं सांगायचंय. तुला त्या आठवत असतील, लक्ष्मीबाई नगरच्या घरी यायच्या, हातात वाटी आणि दाढीचा ब्रश घेऊन. तू पलंगाखाली लपायचीस. "गीझरवाली आजी आली!" म्हणून ओरडायचीस. हसू नकोस, सगळी पोरं लपायची. कारण त्या आल्या की पहिला प्रश्न, "तुझ्या मोरीचा झरोका उघडा हाय का गं?" चहा नाही, पाणी नाही, आधी मोरी दाखवा. लोकांच्या घरात पाहुणे देवघराकडे वळतात, ह्या बाई मोरीकडे वळायच्या.

त्या साताऱ्याकडच्या. नवरा कृष्णात, फौजेत. सगळे त्यांना हवालदारच म्हणायचे, पेन्शनीत निघाल्यावरसुद्धा. हौसाबाई लग्न होऊन आल्या त्या थेट दिल्ली कॅन्टोन्मेंटला. मग हवालदार गेले बर्फात, ह्या गावाला, परत दिल्ली, असं करत करत मुलगा अविनाश मिनिस्ट्रीत लागला, त्याला लक्ष्मीबाई नगरला क्वार्टर मिळालं, ते नेमकं आमच्या शेजारी. तुझे आजोबा तेव्हा तिथेच कारकून. आमची दोघींची अंगणं एका भिंतीनं जोडलेली. त्या भिंतीवरून आम्ही किती कढी-आमटी इकडून तिकडे केली असेल, विचारू नकोस.

आता गीझरचं. तुमच्या ह्या गुरुग्रामच्या टॉवरमध्ये सगळं विजेचं, बटण दाबलं की झालं. तेव्हा आमच्याकडे वीज जायची, बिल यायचं, आणि बाजारात नवीन आला होता गॅसचा गीझर. भिंतीवर टांगलेला डबा, मागून नळी, खाली सिलिंडर. नळ सोडला की भप्पकन पेटायचा आणि लगेच कढत पाणी. आम्हाला काय आनंद! गावाकडे आमच्याकडे बंब होता. बंब नाही माहीत? तांब्याचा गं, मधे नळकांडं, त्यात लाकडं घालायची. त्याचा धूर डोळ्यात जायचा, खोकून जीव जायचा, मग आपण आपोआप दार उघडायचो. बंब आरडाओरडा करायचा बघ. हा गीझर बोलतच नाही. गॅस गळला तर वास येतो, ते आपल्याला कळतं. पण गॅस जळून कोंडलेल्या हवेचं जे विष होतं ना, त्याला ना वास, ना धूर, ना रंग. हे आम्हाला कुणाला माहीत होतं? दुकानदारानं सांगितलं असेल, नसेल. आम्ही तर गीझरला हळदकुंकू लावलं होतं.

तर अविनाशचं लग्न झालं उन्हाळ्यात. सून अलका, सोलापूरची. पोरगी गोड, बारीक, हसरी. पहिली दिवाळी माहेरी व्हायला हवी, जावयाचा दिवाळसण. पण अविनाशला ऑफिसातून सुट्टी मिळेना. मग अलकाचे वडील दिनकरराव स्वतःच कपड्याचं बोचकं, फराळाचे डबे घेऊन दिल्लीला आले. म्हणाले, "जावई येत नाहीत तर सण त्यांच्याकडे घेऊन आलो." साधा माणूस, बायको वारलेली, एकुलती मुलगी. हौसाबाईंनी गावाकडून दीर, जाऊ, त्यांची पोरं, सगळ्यांना बोलावलेलं. घर नुसतं गच्च.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी, तुला माहीत आहे ना, उजाडायच्या आत सगळ्यांनी तेल-उटणं लावून न्हायचं. मोरी एक, माणसं डझनभर. एक बाहेर की दुसरा आत, गीझर काही बंद व्हायचाच नाही. आणि झरोक्यात कबुतरांनी घर केलेलं, घाण टाकायची, शिवाय फटाक्यांचा धूर आत यायचा, थंडीही सुरू झालेली. म्हणून हौसाबाईंनी त्यात जुनी गोधडी कोंबून दिली होती. चांगली ठोकून ठोकून. आपण महाराष्ट्रातली माणसं, दिल्लीच्या थंडीला घाबरतो, दिसेल ते भोक बुजवतो. मीही बुजवायचे.

आंघोळीचा क्रम कसा? आधी पुरुष, मग पोरं, मग पाहुण्या बायका, मग सासू. आणि सगळ्यात शेवटी कोण? सून. अगं, तशीच रीत. तिनं सगळ्यांना तेल लावायचं, पाणी बघायचं, टॉवेल द्यायचा, आणि सगळे फराळाला बसले की मग आपण जायचं. अलका शेवटी गेली. बराच वेळ झाला, आवाज नाही. हौसाबाईंनी दार वाजवलं. नाही. मग हवालदारांनी खांदा लावून कडी तोडली. पोरगी जमिनीवर, डोळे फिरलेले, हातपाय ताठ, तोंडाला फेस. हौसाबाईंनीच तिला लुगड्यात गुंडाळून अंगणात आणलं. मी भिंतीवरून बघितलं आणि कांदा आणला, दुसरं काय सुचणार? कांदा नाकाला लावेपर्यंत ती हलायला लागली. मग उलटी. मग डोकं धरून बसली, "आई, डोकं फुटतंय."

दीर होते ना गावाकडचे, त्यांच्या तोंडून शब्द निघाला, "ही तर फिट हाय."

झालं. एक शब्द पडला की तो घरात चप्पल काढून बसतो बघ. दवाखान्यातल्या डॉक्टरनंही म्हटलं, फिट असू शकते, तपासण्या करा. मोरीबद्दल त्यालाही कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. घरी जाऊबाई दिनकररावांच्या समोरच म्हणाल्या, "लग्नाआधी सांगायचं होतंत." बिचारा माणूस. "हो ताई, पण तिला कधी काही झालं नाही हो," एवढंच म्हणायचा, परत परत. आणि जितक्या वेळा म्हणायचा तितकं ते खोटं वाटायचं.

हौसाबाई काय म्हणाल्या ते सांगते, कारण त्या काही देवी नव्हत्या. त्या म्हणाल्या, "भाऊबीज झाली की घेऊन जा पोरीला. तपासून घ्या. मग बघू." मग बघू म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. अविनाश मान खाली घालून बसला.  लक्ष्मीपूजनाला अलकानं पणत्या लावल्या, आणि मग आत जाऊन पेटी भरायला घेतली.

आता इथं माझं ऐक. ही गोष्ट इथं फिरली.

हौसाबाई तिला कपडे काढून देत होत्या. मी तिथंच बसले होते, दाराशी. दिनकररावांनी पेटीला सुतळी गुंडाळायला घेतली. त्यांना गाठ जमेना. हौसाबाई म्हणाल्या, "सरा तुम्ही, मी बांधते." आणि सुतळी हातात घेतली, गाठ आवळली, आणि थांबल्या. नुसत्या बघत राहिल्या त्या सुतळीकडे.

मी म्हटलं, "काय झालं हो?"

तर म्हणाल्या, "सुमित्रा, ही गाठ मी आधी बांधलीय गं."

मग त्यांनी सांगितलं. त्या नवीन होत्या कॅन्टोन्मेंटमध्ये तेव्हाचं. पलीकडच्या क्वार्टरमध्ये खंडेराव म्हणून जवान होता, त्यानं नवी बायको आणलेली. सखू नाव. म्हसवडच्या बाजूची, माणदेशातली, दिल्लीची थंडी कधी बघितलेली नाही. खंडेराव ड्युटीवर. त्या पोरीनं कोळशाची शेगडी पेटवून आत घेतली, दाराच्या फटीत पोतं कोंबलं आणि झोपली. सकाळी दार तोडलं तर अशीच, ताठ, फेस. बाहेर उन्हात आणली तर शुद्धीवर आली, उलटी झाली, डोकं धरून रडली. सगळे म्हणाले फिट. खंडेरावचा थोरला भाऊ आला आणि घेऊन गेला तिला. नंतर खंडेरावनं दुसरी केली. सखूच्या पेटीला सुतळी हौसाबाईंनी बांधून दिली होती. शेजारधर्म म्हणून.

"तिचंबी डोकंच फुटत हुतं," हौसाबाई म्हणाल्या. "आणि आता अलकाला बाहेर वढून आणलं, तर माझंबी डोकं धरलं. मला कुठल्या फिट आल्या गं?"

मग त्या अंगणात गेल्या. हवालदार खाटेवर रेडिओ लावून बसले होते. विचारलं, "ते बर्फात बुखारी लावायचात, तिचं काय सांगत हुता तुम्ही?"

बुखारी म्हणजे लोखंडी चूल गं, धुराडं असलेली, तंबू गरम करायला. हवालदार म्हणाले, "काय सांगायचंय त्यात? ऑर्डरच असायची. बुखारी पेटली की हवेला वाट ठेवायची आणि एकानं जागं राहायचं. सगळे झोपले की सगळेच जायचे. आवाज न करता."

"मग एवढी वर्सं घरात का न्हाई सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? घरात कुठे बुखारी आहे?"

"मोरीत हाय," हौसाबाई म्हणाल्या.

दीर हसले. "वहिनी, गीझर आणि बुखारी एक व्हय?" जाऊबाईंनी मान वाकडी केली. आणि खरं सांगू, मलाही वाटलं, सुनेवर जीव जडलाय, म्हणून काहीतरी शोधतायत. दिनकररावांनीसुद्धा मान वर केली नाही. नुसत्या बोलण्यानं कुणाला पटणार? फिट हा शब्द डॉक्टरनं उच्चारला होता.

तर ह्या बाईनं काय ठरवलं? पाडव्यालाही आमच्याकडे तेल-उटण्याची आंघोळ असते. म्हणाल्या, "उद्या सून पहिली न्हाणार. आणि सगळ्यांच्या शेवटी मी."

नीला, हे ठळक लिही, अगदी जाड अक्षरात: कुणी असं करू नये. हा शहाणपणा नव्हता. हवालदार तर चिडून लाल झाले होते, "फौजेत मी होतो का तू?" म्हणाले. पण हौसाबाईंनी ठरवलं म्हणजे ठरवलं. मला बोलावलं, मोरीच्या दाराशी पाट टाकला. "इथं बस. मी कडी लावणार न्हाई. तू हाक मारत राहा. मी ओ देईन. ओ दिली न्हाई तर दार ढकल."

पाडव्याला सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. गीझर तसाच चालू, गोधडी तशीच झरोक्यात. मग लुगडं नेसूनच हौसाबाई आत गेल्या, तेल लावून. मी पाटावर. माझ्या मागे अलका उभी, ओले केस.

"हौसाबाई!"

"ओ! बसलीस का गं नीट?"

"बसले. पाणी गरम आहे?"

"पाणी हाय. उटणं न्हाई. कुणी संपवलं एवढं?"

"तुमच्या लेकानं."

"एवढं लावून गोरा झाला का?"

"नाही हो, होता तसाच आहे."

अलका हसली. पडल्यापासून पहिल्यांदा हसली ती. आतून हौसाबाईंना ऐकू गेलं असणार, कारण म्हणाल्या, "हास, हास. नवऱ्याला हसायला आपल्याला बंदी न्हाई."

मग थोडा वेळ नुसता तांब्याचा आवाज.

"हौसाबाई!"

"ओ. डोक्यात घण बसतोय गं."

"मग या बाहेर! पुरे झालं!"

"थांब जरा. डोकं तर उपाशीपोटीबी दुखतं, असं हे लोक म्हणतील."

"हौसाबाई, या म्हणते ना!"

"ओ…"

ही ओ विहिरीच्या तळातून आल्यासारखी होती. तांब्याचा आवाज थांबला होता. पाणी नुसतं पडत होतं.

"हौसाबाई!"

ओ नाही.

मी दार ढकललं. त्या भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे उघडे, पण बघत नव्हत्या. अलकानं एक हात धरला, मी दुसरा. भारी बाई गं, आणि तेलानं निसरडी! ओढत, घसरत, कशीबशी अंगणात आणली. हवालदारांनी आत धावत जाऊन सिलिंडर बंद केला, आणि बाहेर येऊन बायकोच्या डोक्याशी उकिडवे बसले. एवढा मोठा फौजी माणूस, तिच्या गालावर चापट्या मारत "हौसे, ए हौसे" म्हणत होता. आम्ही कुणी त्यांना तिचं नाव घेताना ऐकलं नव्हतं.

मग तुळशीपाशी त्यांना उलटी झाली. डोकं दोन्ही हातात धरून बसल्या. सगळं घर गोळा झालेलं. आणि उलटी पुसायच्या आधी बाईचं पहिलं वाक्य काय, तर जावेकडे बघून, "मलाबी फिट आल्या का गं? माझ्या बापानं लग्नात सांगितलं नव्हतं."

जाऊबाई आत गेल्या, फराळाचं बघायला.

मग दिनकररावांकडे बघितलं हौसाबाईंनी. ते हात जोडून उभे होते, का ते त्यांनाही माहीत नसेल. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या मुलीला… काही नाही ना?"

"तुमच्या पोरीत खोट न्हाई, पाव्हणं. खोट ह्या भिंतीत हाय. आणि ती मी गोधडीनं बुजवली हुती. पेटी सोडा."

दिनकररावांना सुतळी सुटेना. हौसाबाईंची गाठ, ती काय अशी सुटते? शेवटी अलकानं दातांनी सोडली.

अविनाश मिस्त्रीला घेऊन आला. त्यानं डबा उघडला तर आत काजळी, ज्योत निळी हवी ती पिवळी. झरोक्यातून गोधडी ओढली तर मागे कबुतराचं घरटं, पिसं, काड्या, एक अंडंसुद्धा. मिस्त्री म्हणाला, "माताजी, इसको बाहर लगवाओ, बाथरूम में नहीं." गीझर बाहेर अंगणाच्या भिंतीवर गेला, पाइप आत आला. डोक्याचे फोटो वगैरे अविनाशनं अलकाचे नंतर काढलेच, काही निघालं नाही. तिला पुन्हा कधी काही झालं नाही. आज तिची मुलं तुझ्याएवढी आहेत.

पण मला गोष्ट अलकाची नाही सांगायची. हौसाबाईंची सांगायचीय. त्या दिवसानंतर बाई बदलली. तशी नाही, बडबड तेवढीच. पण तिला एक काम लागलं. दसरा झाला की वाटीत साबणाचा फेस करायच्या, हवालदारांचा दाढीचा जुना ब्रश घ्यायच्या, आणि घराघरात. सिलिंडरच्या नळीला, जोडाला फेस लावायचा. बुडबुडा फुगला तर गॅस गळतोय. नळी वाकवून बघायची, चिरा पडल्या तर बदला. ज्योत बघायची. झरोका बघायचा, त्यात हात घालून! "आत काय कोंबलंय?" म्हणून ओढायच्या. कुणाच्या झरोक्यातून जुनी साडी निघायची, कुणाच्या उशी. एका घरातून नवऱ्याची पँट निघाली. "हे बघ, सहा महिने शोधत होतो!" असं तो म्हणाला आणि बायको लाजली.

एकदा विलास म्हणून आमच्याच ओळीतला एक जण, शिकलेला माणूस. म्हणाला, "काकू, फेस कशाला? काडी ओढून बघायची, पेटलं तर लीक!" आणि खरंच काडी ओढायला निघाला. हौसाबाईंनी त्याच्या हातावर अशी चापट मारली की काडेपेटी बेसिनमध्ये. "तुझ्या आईनं तुला वाढवलं कसं रे?" पुढे त्यानंच सगळ्यांना सांगितलं, हसून हसून.

आपली माणसं तर झालीच, पण मद्रासी, बंगाली, सरदार, सगळ्यांकडे जायच्या. हिंदी त्यांची कॅन्टोन्मेंटची, "हवा का रस्ता किधर है?" एवढं एक वाक्य स्वच्छ. कोपर्निकस मार्गावर आपलं सरकारी गेस्ट हाऊस आहे ना, तिथं भाऊसाहेब म्हणून होते, मोठे साहेब. त्यांच्याकडे आम्ही हळदीकुंकवाला गेलो. ह्यांनी लगेच मोरी विचारली. साहेब म्हणाले, "आमच्याकडे मिस्त्री वेळच्या वेळी येतो, आजी." तर म्हणाल्या, "मग दाखवायला लाज कसली?" साहेबांनी निमूट दाखवली. तिथं सगळं ठीक होतं. बाहेर येऊन म्हणाल्या, "बरं वाटलं. कुठंतरी ठीक असलेलं बघायला मिळायला पायजे ना."

आणि ओ. ती तर आमच्या सगळ्या ओळीतच पसरली. कुणी न्हायला गेलं की बाहेरून हाक, आतून ओ. तूही ओरडायचीस लहानपणी, आठवतं? आता म्हणतेस, "आजी, मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असतं." नाही गं. ती हौसाबाईंची रीत. इथं आता विजेचा गीझर आहे, तरी तू आत असलीस की मी हाक मारते आणि तू चिडतेस, पण ओ देतेस. दे. माझं काय जातं, तुझं काय जातं.

एकदा मी त्यांना विचारलं, हिवाळ्याची दुपार होती, आम्ही उन्हात मटार सोलत होतो. म्हटलं, "हौसाबाई, आता सगळ्यांना कळलंय. लोक टीव्हीवर सांगतात. तुम्ही कशाला उन्हातान्हात फिरता? गुडघे बघा."

त्या शेंग सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळ्यांना कळलं गं. जिला कळायला पायजे तिला कुणी सांगितलं?"

मला आधी उमगलंच नाही. मग म्हणाल्या, "सखू."

बघ, मी विसरून गेले होते. त्या नव्हत्या विसरल्या. म्हणाल्या, "अलकाच्या पेटीची सुतळी सुटली. तिची मी बांधून दिली ती बांधलेलीच राहिली. ती बया जल्मभर समजत असंल, आपल्यातच काहीतरी वाईट हाय. गावानं तिला आगीपाशी जाऊ दिलं नसंल, विहिरीवर जाऊ दिलं नसंल. फिटवाली म्हणून. आणि झालं काय हुतं? दाराच्या फटीत पोतं."

तेव्हा मला कळलं, ही बाई दुसऱ्यांच्या मोऱ्या का तपासते ते. आपल्याकडे घरात कुणी पडलं की आपण आधी त्या माणसात खोट शोधतो. सून असली तर विचारूच नकोस. झरोक्याकडे मान वर करून कोण बघतं?

त्यांनी निरोप पाठवले गं, पुष्कळ. कॅन्टोन्मेंटमधून कुणी जवान रजेवर माणदेशात चालला की ह्या त्याला लाडू बांधून द्यायच्या आणि निरोप. खंडेराव तर कुठं गेला पत्ता नाही, पलटणीतून कधीच निघाला होता. सखूच्या माहेरचं आडनाव ह्यांना माहीत नाही. नवी नवरी, सखू म्हणूनच हाक मारायची, आडनाव कोण विचारतं? एवढंच माहीत होतं की म्हसवडच्या बाजूची, गावात बाभळी खूप आहेत म्हणायची, हनुवटीवर गोंदण, आणि गुळाच्या पोळ्या फार पातळ लाटायची. एवढ्यावर माणूस सापडतो का? जवान परत यायचे, म्हणायचे, "मावशी, सखू तिथं घरटी एक आहे."

हौसाबाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. म्हातारपणानं, अंथरुणात, शांत. अलकानं खूप केलं त्यांचं. शेवटी शेवटी अलका न्हायला गेली की ह्या पलंगावरून हाक मारायच्या, "अलका!" आणि ती ओ द्यायची, मग ह्या डोळे मिटायच्या. मला अलकानं सांगितलं, त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली आणि वाट बघत बसली, हाक येईल म्हणून. मग अविनाशनं मारली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

थांब, पाणी दे जरा. हां.

आता शेवटचं लिही. हे वाचणाऱ्यांसाठी आहे, नीट लिही.

हा अंक टपालानं गावाकडेही जातो म्हणतात, सातारा, सांगली, सोलापूर. तुमच्यात कुणाचं माणदेशात, म्हसवडच्या आसपास जाणं-येणं असेल, कुणाची आजी, आत्या, चुलती सखू नावाची असेल, आता पुष्कळ म्हातारी असेल, हनुवटीवर गोंदण असेल, आणि लग्नानंतर एक हिवाळा दिल्लीला राहून परत आलेली असेल, आणि घरात तिच्याबद्दल फिटवाली असं बोललं जात असेल, तर तिच्याजवळ जाऊन बसा. मोठ्यानं बोला, ऐकू कमी येत असेल. तिला म्हणावं, कॅन्टोन्मेंटच्या हौसाबाईचा निरोप आहे. तुला काही झालं नव्हतं. ती शेगडी होती, आणि दार बंद होतं.